हातभार

तीन वाजून पाच मिनिटांनी ऑर्व्हिल माकीला घरी धाडलं.
माल कमी आहे, म्हणाले.
मूस लेकहून पंचेचाळीस मैल बर्फ तुडवत येतो तो
साडेतीन तासांच्या पगारासाठी.
कार्ड पंच केलं, हातमोजे खिशात कोंबले,
'उद्या' म्हणाला. एवढंच.

तीन चाळीसला दुसरा ट्रेलर लागला.

मी चौथ्या दारावर होते.
पट्टा फुगत गेला. मांजरांच्या वाळूच्या गोण्या, टायर,
कुणाचं तरी सुटं कपाट तीन खोक्यांत,
आणि ट्रेलरच्या तोंडाशी हिबाक एकटी,
नोकरीचा एकविसावा दिवस,
गुडघ्यापर्यंत खोक्यांत रुतलेली.
तेव्हा ब्रेंट सोलबर्गनं टाय शर्टाच्या बटणांमध्ये खोचला,
पट्ट्यात अडकू नये म्हणून
(ही सवय नवी; आमच्यात होता तेव्हा टाय कुठला),
आणि आत शिरला.

अजून चांगला रचतो.
जड खाली, कडेला कड, मधे बोट शिरणार नाही असं.
मीच शिकवलं होतं, सात वर्षांपूर्वी, याच दारावर.

करारात कलम आहे:
सुपरवायझरनं तासावरच्या माणसाच्या कामाला हात लावू नये.
समोर पोरगी गाडली जात असेल तर काय
ते कलमात नाही.
मी वहीत लिहिलं, तीन सत्तेचाळीस ते चार एकोणतीस.
बेचाळीस मिनिटं.
साक्षीदार: ही ओळ कोरी.

'माझं नाव नको,' हिबाक म्हणाली,
'माझ्यासाठीच आला तो.'
खरं होतं.
ब्रेक रूममध्ये पेल्टोला म्हणाला,
बेचाळीस मिनिटांसाठी कागद? त्याला परवाच मुलगी झाली.
पलीकडून रोशेल, सँडविचवरून मान वर न करता:
रोज रात्री बेचाळीस. पाच रात्री. कर हिशोब.

केला.
दोनशे दहा मिनिटं.
साडेतीन तास. बरोब्बर एक ऑर्व्हिल.

पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका, म्हणतात.
इथं पाठ एकाची आणि पोट दुसऱ्याचं.
सोलबर्ग वाकून चालतो हल्ली.
ऑर्व्हिल डबा अर्धा खाऊन झाकण लावतो,
उरलेला परतीच्या वाटेवर.

सकाळी पार्किंगमध्ये मी काचेवरचा बर्फ खरवडत होते.
तळ्यावरून येणारा वारा कानाला चावत होता.
सोलबर्ग आला. कोट नाही, टाय अजून खोचलेलाच.
'लिहिलंस?'
'अजून नाही.'
'लिही.'
मला वाटलं टोमणा मारतोय.
'तीनदा माणूस मागितला वर. म्हणतात, चाललंय ना.
चाललंय कारण मी उचलतोय.
तुझा कागद गेल्याशिवाय मला माणूस देणार नाहीत.'
'आणि तुझं?'
त्यानं हात पाहिले. पुठ्ठ्यानं चिरलेले, बोटांच्या पेरांवर टेप.
'माझ्यासाठी कलम नाही,' म्हणाला,
आणि माझी उरलेली अर्धी काच खरवडून दिली.
ते कुणाचं काम, विचारलं नाही मी.

घरी आले. कॉफी केली, ती निवली.
तक्रारीचा कागद तीन प्रतींचा,
दाबून लिहावं लागतं, तेव्हा कुठे खाली उमटतं.
नुकसान कुणाचं: ऑर्व्हिल माकी.
मागणी काय: बेचाळीस मिनिटं, दुप्पट दरानं.
घटनेत सामील व्यक्ती.

इथं मी थांबले. बराच वेळ.
रस्त्यावरून मीठ टाकणारी गाडी गेली.
मग लिहिलं. आडनावाचं स्पेलिंग
कुणाला विचारावं लागलं नाही.
त्याचं युनियनचं कार्ड मीच भरलं होतं.

आज रात्री अकराला पुन्हा चौथं दार.
साक्षीदाराची ओळ अजून कोरी आहे.